थकबाकी

दिवाळीच्या सुट्टीत मिरजेची ही शाळा तीन दिवस आमची.
सहावी ब. फळ्यावर लसावि अर्धा सोडवलेला,
खाली कुणीतरी लिहिलंय, पुसू नये.
फादर इनास रुमाव त्याच्या कडेकडेनं
परिषदेचा विषय लिहितात. खडू तुटतो.

सव्विसावं अधिवेशन.
सभासद बत्तीस, हजर एकोणीस,
त्यातले चौघे ऐकू येत नाही म्हणून पुढच्या बाकावर.
बाक अकरा वर्षांच्या गुडघ्यांसाठी केलेले,
तेव्हा ईशज्ञानाचे पंडित तिरके बसतात,
पाय मधल्या वाटेत,
आणि चहाचा ट्रे घेऊन शेवंता
"पाय घ्या, फादर, पाय" म्हणत येते.

मी खजिनदार. नगरची. सिस्टर नाही,
दोन पोरांची आणि एका प्रबंधाची आई.
सकाळी हिशेब वाचला:
हॉलचं भाडं, मटण एक वेळ,
जंक्शनवरून आणायला रिक्षा चार.
मग थकबाकी.
फादर बाल्तझार तुस्कानो, तीन वर्षं, नऊशे रुपये.
कुणीतरी खोकलं.
ते फेब्रुवारीत गेले, हे मलाही माहीत होतं,
पण नाव काढायला ठराव लागतो, घटनेत तसं कलम आहे.
मी थांबले.
कुणी ठराव मांडला नाही.
पुढचं नाव वाचलं.

विषय असा:
देवानं स्वतःला रिकामं केलं, म्हणजे नेमकं काय केलं?
ग्रीकमध्ये एक क्रियापद, मराठीत तीन तासांचं भांडण.
रिक्त म्हणावं, असं फादर सायमन भिंगारदिवे.
रिक्त जागा भरतीला काढतात, असं सिस्टर ब्रिजिता.
शून्य म्हटलं तर शेजारचे बौद्ध काय समजतील?
समजले तर बिघडलं कुठं?
ओतलं म्हणा. कशात?
जेवणाची घंटा.

बाल्तझार दर वर्षी शेवटी उठायचे,
वसईच्या हेलात एकच शब्द सांगायचे: सांडला.
देव सांडला, म्हणा.
लाज वाटते ना? मग तोच बरोबर.
सगळे हसायचे. इतिवृत्तात मी कधी घेतला नाही.

दुपारी सतारीच्या गल्लीत गेलो.
ओट्यावर भोपळे, घड्यांएवढे, वाळत टाकलेले,
एक मांजर त्यांच्यात झोपलेलं.
सायमनना निबंधासाठी दृष्टांत हवा होता.
"आतून रिकामा झाला की वाजतो, होय ना चाचा?"
दस्तगीर मिस्त्रींनी पटाशी थांबवली नाही.
"वाजते तार," म्हणाले.
"कीड लागली तरी भोपळा आतून रिकामाच."
सायमननी वही खिशात घातली.
"आणि बिया?" मी विचारलं.
"ज्यानं पिकवला त्याच्या.
पिशवी घेऊन येतो तो, पावसाआधी."

रात्री गादीवर पावतीपुस्तक घेऊन बसले
तर दारात इनास. नऊशे रुपये, घडी घातलेले.
"बाल्तझारच्या नावानं. कुणाला बोलू नका."
मी पावती फाडली.
दहा मिनिटांनी सिस्टर ब्रिजिता,
रुमालाच्या गाठीत नऊशे. कुणाला बोलू नका.
दिवे गेल्यावर, टॉर्च घेऊन, सायमन.
ते काही बोललेच नाहीत,
नुसतं यादीतल्या त्या नावावर बोट ठेवलं.

सकाळी समारोप. शब्दाचा निर्णय पुढल्या वर्षी.
भडंगाचे पुडे वाटले, गाड्यांच्या वेळा विचारल्या,
शेवंतानं बाक ओळीत लावले.
फळ्यावरचा विषय पुसला, लसावि ठेवला.

मी एकटी राहून खातं बंद केलं.
येणे नऊशे, जमा सत्तावीसशे.
म्हणजे अठराशे आगाऊ.
वर्षाला तीनशेच्या हिशेबानं
फादर बाल्तझार अजून सहा वर्षं सभासद आहेत,
वर्गणी चुकती, मताचा अधिकार शाबूत.

कोरम मोजताना त्यांना धरायचं की नाही,
शोधलं.
घटनेत तसं कलम नाही.